अण्णांची ‘सा’वरची गाणी

मला जपानी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला येतं असा समज आमच्या नात्यात पसरलेला आहे आणि तो खोडून काढायचा मला आता कंटाळा आला आहे. मला जपानी गाणी ओळखता येतात, तीही फक्त सात. सातही ‘सा’ या अक्षराने सुरू होतात. त्यातलं कुठलं कशाबद्दल आहे हे मला आजही ठाऊक नाही. गळा म्हणाल, तर देवाने मला तो निव्वळ गिळण्यासाठी दिला आहे. तरीही दुबईत, अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी ती गाणी कितीतरी महिने रोज भसाड्या आवाजात म्हणत होतो. माझ्या वडिलांकडे बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते आहे ते माइकवर सांगायचं. आयुष्यभर हेच केल्यामुळे घरातही त्यांच्या बोलण्याची घोषणाच व्हायची. ‘‘प्रवाशांनी लक्ष द्यावं, आमटीत मीठ नाही.’’ आई आतूनच म्हणायची, ‘‘मीठ फलाट क्रमांक एकवर ठेवलंय, हात लांब करा.’’

आई गेली आणि अण्णा आमच्याकडे आले. माझा थोरला भाऊ, दादा, पुण्यातच असतो. पण त्याच्याकडे तेव्हा घराचं बांधकाम निघालं होतं. म्हणून तात्पुरते आले ते राहिलेच. इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे आमच्या वाण्याकडे, जाऊन कोथिंबिरीच्या जुडीचे दिरहॅम ऐकायचे, मोठ्याने त्याचे रुपये करायचे आणि मलबारी दुकानदाराला शुद्ध मराठीत झापायचे. तो हसून ‘‘खलास, अंकल’’ म्हणायचा आणि वर चार मिरच्या टाकायचा. दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं. मैत्री मात्र घट्ट होती.

अण्णांचा खरा प्रांत भेंड्यांचा. लग्नघरी ते ज्या बाजूला बसायचे ती बाजू जिंकायची. दुबईत त्यांना तोलामोलाचं कोणी मिळेना. मी पहिल्याच फेरीत गारद. बायकोला गाणी पुष्कळ येतात, पण ती कुकर बघायला म्हणून उठायची ती परत यायचीच नाही. राहिली आमची लेक. ती तेव्हा चौदाची होती. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. शाळेतल्या तिच्या कंपूला जपानी कार्टूनचं वेड, आणि त्यातून जपानी गाण्यांचं. एका शनिवारी अण्णांनी तिला ‘सा’ दिला आणि ती सुरूच झाली.

‘‘हे काय गं?’’ अण्णा म्हणाले.

‘‘जॅपनीज, आजोबा. स्टार्ट्स विथ सा.’’

‘‘गाणं आहे की भांडण?’’

‘‘इट्स अ लव्ह साँग!’’

‘‘म्हणजे भांडणच.’’ अण्णांनी मान खाली घालून थोडा विचार केला आणि निकाल दिला. ‘‘अक्षर ‘सा’ आहे ना? मग चालेल. भेंड्यांत अक्षर बघायचं, गाव नाही विचारायचं.’’

मी आक्षेप घेतला. तो फेटाळण्यात आला.

तेव्हापासून त्या दोघांनी एक नवाच प्रकार काढला. शेवटच्या अक्षराची भानगड नाही. दोघांनी फक्त ‘सा’वरची गाणी म्हणायची, अण्णांनी मराठी-हिंदी, तिने जपानी. ज्याची आधी संपतील तो हरला. मला वाटलं, पोरगी चार गाण्यांत गार होईल. कुठलं काय! त्या भाषेत चेरीच्या फुलाला ‘सा’, निरोपाला ‘सा’, माशालाही ‘सा’ आणि वाळवंटालासुद्धा ‘सा’. ‘‘वाळवंटाला?’’ अण्णा म्हणाले, ‘‘मग हे लोक जपानचे कसले, अबू धाबीचे!’’ पुढे पुढे अण्णा बनेल झाले. आपली संपत आली की तिचंच गेल्या शनिवारचं गाणं तिच्याआधी म्हणून टाकायचे. शब्द अर्धे ‘लालाला’, पण चाल अचूक. लेक किंचाळायची, ‘‘आजोबा, दॅट्स चीटिंग!’’ आणि अण्णा दातांची कवळी सारखी करत म्हणायचे, ‘‘प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी.’’

अशाच एका शनिवारी अण्णांची पाळी होती. ते म्हणाले, ‘‘सा…’’ आणि थांबले.

भेंड्यांत समोरचा अडला की आकडे मोजायचे असतात आणि दहा झाले की त्याच्यावर भेंडी चढवायची असते. अण्णांवर भेंडी चढलेली आम्ही जन्मात पाहिली नव्हती. आम्ही तिघंही टाळ्या वाजवत मोजायला लागलो. बायको तर खास त्यासाठी स्वयंपाकघरातून आली. अण्णा लेकीकडे बघत होते. ‘‘सा,’’ म्हणाले. ‘‘सा. सा.’’ आम्ही सहावर, सातवर. लेक सोफ्यावर उभी राहून नाचत होती. दहा म्हणून आम्ही ओरडलो तेव्हा अण्णांच्या हातातली कपबशी कलंडली होती आणि ओठांचा उजवा कोपरा खाली आला होता.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. उजवी बाजू गेली आहे, ती थोडी परत येईल. वाचा गेली आहे, तिचं सांगता येत नाही. कधी कधी, नेहमी नाही, झटका येतो त्या क्षणी जे ओठांवर असतं तेच तिथे अडकून राहतं. अण्णांच्या तोंडी ‘सा’ राहिला. भूक लागली, सा. पाठ दुखते, सा. खिडकी लावा, सा. आपण नीट बोलतो आहोत असंच सुरुवातीला त्यांना वाटायचं. मग आमचे चेहरे बघून कळायचं की नाही, आणि मग ते जोर लावून तेच पुन्हा म्हणायचे. डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे.

मान हलवून उत्तर घ्यावं, तर मान ते सगळ्यालाच हलवायचे. पाणी हवं का? हो. नको का? हो. चित्रांचा एक तक्ता मिळाला होता, पेला, संडास, पलंग, रडका चेहरा. बोट ठेवलं की झालं. अण्णांनी तो डाव्या हाताने असा भिरकावला की टीव्हीच्या मागून काढावा लागला. ज्याने आख्ख्या तालुक्याला गाड्या सांगितल्या त्याला आता पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायला सांगायचं! मला त्यांचं पटलं, पण त्याने पाणी कसं मिळणार?

मग एक दिवस ते गायले. ‘सा’ने सुरू होणारं एक जुनं मराठी गाणं, सासरी निघालेल्या मुलीचं. पहिली ओळ पूर्ण, शब्दांसकट, घोगऱ्या पण स्वच्छ आवाजात. बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो हे आम्हाला कुठे माहीत होतं? बायको जमिनीवर बसूनच रडायला लागली. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तोही रडला. ‘‘निरोप घेतायत रे,’’ म्हणाला. ‘‘आईकडे जायचं म्हणतायत.’’ अण्णा पुन्हा पुन्हा तीच ओळ म्हणत होते, घाईघाईने, आणि आम्ही सगळे दोन देशांत मिळून डोळे पुसत होतो. लेक तेवढी बघत होती. ती म्हणाली, ‘‘बाबा, ही नीड्स द बाथरूम.’’ तोवर पायजमा ओला झाला होता.

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं, ते रात्री जेवायलाही वळले नाहीत.

अल ऐनच्या एका हॉस्पिटलमध्ये वाचेवर उपचार करणारं चांगलं युनिट आहे असं कळलं. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका प्लास्टिकच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. आठवड्यातून एक दिवस दुपारची पाळी बदलून घेतली. अण्णांना पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधायचं, लेक मागे, आणि वाळूतून सरळसोट रस्ता. तिथली थेरपिस्ट बाई लेबनॉनची, गोरीपान, हातभर बांगड्या. अण्णांना ती ‘हबीबी’ म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा त्याचा अर्थ ‘लाडक्या’ असा होतो हे मी अण्णांना सांगितलं नाही. पण त्यांना तो कळला असावा, कारण पुढच्या वेळी त्यांनी डाव्या हाताने स्वतःचा भांग पाडला.

तिने तपासून सांगितलं, की यांची चाल शाबूत आहे. शब्द हरवलेत, सूर नाही. पाठ असलेलं गाणं आपोआप बाहेर येतं, ते बोलणं नव्हे. पण त्यातून काही वाट काढता आली तर बघा.

वाट लेकीने काढली. तिथेच, त्या खोलीत. ती बाईंना इंग्रजीत म्हणाली, की आजोबा मराठी गाणं म्हणतात तेव्हा घरातले सगळे शब्द ऐकतात आणि रडत बसतात. आजोबांना काय हवंय ते कोणी बघतच नाही. म्हणून गाणी अशी हवीत, ज्यांचे शब्द कोणालाच कळत नाहीत. माझी जपानी गाणी त्यांना येतात, सगळी ‘सा’वरून आहेत. एकेक गाणं एकेका गोष्टीला देऊन टाकू. हे पाण्याचं, हे बाथरूमचं.

बाईंनी बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाल्या, ‘‘यल्ला. ट्राय इट.’’ आणि एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. सगळ्यांत सोपं, सगळ्यांत चटकन ओठांवर येणारं गाणं दुखण्याला द्या. दुखत असताना माणसाला अवघड गाणं म्हणता येत नाही.

म्हणून दुखण्याला आलं एक उड्या मारणारं गाणं, लहान मुलांच्या कवायतीसारखं, ऐकताना पाय आपोआप ठेका धरतील असं. पाण्याचं खालच्या सुरात सुरू होऊन पायऱ्या चढत वर जायचं. बाथरूमचं जाहिरातीसारखं घाईचं, ते योग्यच होतं. एक चहाचं, आणि एक ‘एसी बंद करा’चं. पाच झाली.

शिकायला अण्णांना महिना-दीड महिना लागला असेल. मला त्याहून जास्त. ऑफिसला जाताना गाडीत मी ती लावायचो आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघायचे, की हा टकला माणूस स्टिअरिंग बडवत कोणत्या भाषेत ओरडतोय. घरी अण्णा ‘सा…’ करायचे आणि मी आत्मविश्वासाने चहा घेऊन यायचो. त्यांना एसी बंद हवा असायचा. माझ्याकडे बघून ते कपाळाला हात लावायचे. डावा हात, पण झटका तोच जुना. लेक ओरडायची, ‘‘बाबा, लिसन टु द थर्ड नोट!’’ तिसरा सूर. मला पहिला आणि तिसरा यांच्यात फरक असतो हेच पन्नाशीत कळत होतं.

पण जमलं. अण्णांनी मागावं आणि आम्ही द्यावं, इतकं साधं सगळं परत सुरू झालं. भिंतीकडे तोंड करून झोपणं थांबलं. अल ऐनच्या रस्त्यावर उंट दिसले की ते मुद्दाम बाथरूमचं गाणं म्हणायचे, मी घाबरून गाडी कडेला घ्यायचो आणि मग ते अर्ध्या तोंडाने हसायचे. लेक म्हणायची, ‘‘चीटिंग, आजोबा.’’

दादाचं बांधकाम पूर्ण झालं. तो म्हणायला लागला, अण्णांना इकडे पाठव. तळमजल्यावर त्यांची खोली केली आहे, दारं रुंद ठेवली आहेत. तो काही चुकीचं बोलत नव्हता. आमच्याकडे दिवसभर एक बाई यायची, पण बायकोची नोकरी, माझी पाळी, लेकीची दहावी. तरी मी म्हटलं, की मी ठरवणार नाही आणि तूही ठरवू नकोस. अण्णांना विचारू. त्यांनी आपल्या तोंडाने सांगू दे.

‘‘म्हणजे गाऊन?’’ दादा म्हणाला.

‘‘गाऊन.’’

लेकीने आणखी दोन गाणी निवडली. एक पुण्याचं, एक मनखूलचं. मनखूलला तिने ते गाणं दिलं ज्याने ती अण्णांना एकदा हरवायच्या बेतात आली होती. ते पाण्याच्या गाण्याच्या जवळचं होतं. पहिले दोन सूर तेच, तिसऱ्याला पाण्याचं वर जायचं आणि हे खाली उतरायचं. मी म्हटलं, ‘‘अगं, दुसरं घे, घोटाळा होईल.’’ ती म्हणाली, ‘‘ही नोज द डिफरन्स, बाबा.’’ ते खरं होतं. घोटाळा फक्त माझाच व्हायचा.

गाणी पक्की झाल्यावर आम्ही विचारलं. कुठे राहायचंय, अण्णा? त्यांनी पुण्याचं म्हटलं. दोन-चार दिवस जाऊ देऊन परत विचारलं. पुण्याचं. बायकोने विचारलं, मी विचारलं, एकदा व्हिडिओवर दादाच्या समोर विचारलं. पुण्याचं, पुण्याचं, पुण्याचं. शेवटी लेकीने विचारलं. तिच्याकडे ते जरा वेळ बघत राहिले. मग तिने शिकवलेल्या त्या गाण्यानेच तिला सांगितलं, की मला जायचंय. ती ‘‘ओके’’ म्हणाली आणि खोलीत गेली. मी मागोमाग जाऊन काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो, पण तिने दार लावून घेतलं.

मी अण्णांना पोचवून आलो. लेकीने पाच गाणी मोबाइलवर म्हणून काकाला पाठवली. ठिकाणांची दोन पाठवली नाहीत. ती ठरवण्यापुरतीच होती आणि आता ठरलं होतं. वहिनीने पाण्याचं आणि बाथरूमचं लगेच उचललं. दादा म्हणाला, ‘‘मला सगळी सारखीच वाटतात गं. पण करीन.’’ त्याला खोटं ठरवायला मी कोण? मी स्वतः दोन महिने चुकीचा चहा आणून देत होतो. अण्णांना सांभाळायला नर्सिंग ब्युरोतून माणूस यायचा. तो बदलला की नवा यायचा, नव्याला गाणी शिकवायची, की तो बदलायचा.

दादा फोनवर म्हणायचा, ‘‘मजेत आहेत. दिवसभर गात असतात. गल्लीतली माणसं ऐकायला येतात, माहितीये?’’

लेक विचारायची, ‘‘विच वन, काका?’’

‘‘ते आपलं जपानी.’’

अण्णांना ऐंशी पुरी झाली. दादाने सहस्रचंद्रदर्शन ठरवलं. आमची तिकिटं लेकीच्या परीक्षेनंतरची होती, मुहूर्त आधीचा निघाला. ‘‘व्हिडिओवर बघा,’’ दादा म्हणाला, ‘‘मी सोय करतो.’’ त्याने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये आपला मोबाइल एका स्टँडवर लावला. तिकडून आवाज घुमतो म्हणून आमचा आवाज बंद केला. आम्ही तिघं मनखूलला सोफ्यावर, समोर लॅपटॉप. मी तर सोवळ्याचा आव आणून झब्बाही घातला होता.

अण्णा खुर्चीत होते. रेशमी उपरणं, गळ्यात हार. बायका ताटात दिवे लावून ओवाळत होत्या. मला ते जरा वाकडे बसल्यासारखे वाटले, पण त्यांची एक बाजू अशीही वाकडीच असायची. ओवाळून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, ‘‘अण्णा, जपानी होऊन जाऊ दे!’’ टाळ्या पडल्या. एका मुलीने त्यांच्यापुढे माइक धरला.

माइक बघितल्यावर अण्णांनी डावा हात पुढे केला आणि तो तिच्याकडून घेतला. तोंडाजवळ किती अंतरावर धरायचा ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली.

‘‘सा…’’

उड्या मारणारं गाणं. कवायतीसारखं.

‘‘बाबा,’’ लेक म्हणाली. ‘‘दॅट्स पेन.’’

मलाही कळलं होतं. एवढं एकच गाणं मला कधी चुकलं नव्हतं. हॉलमध्ये लोकांनी ठेका धरला. अण्णांनी ओळ संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणखी मोठ्याने. टाळ्या आणखी वाढल्या. लेक उठून लॅपटॉपवर ओरडायला लागली, ‘‘काका! काका! ही इज इन पेन!’’ मीही ओरडत होतो. तिकडे आमची तोंडं पडद्याच्या कोपऱ्यात हलत असणार. कोणाचं लक्ष गेलंच, तर घरचे किती खूश झालेत असंच त्याला वाटलं असणार. मी दादाला फोन लावला. तो त्याच मोबाइलवर, जो स्टँडवर होता. वहिनीचा वाजत राहिला; कुठल्यातरी पर्समध्ये असेल. अण्णा गात होते. मानेच्या शिरा दिसत होत्या. ते लोकांकडे एकेक करून बघत होते, आणि ज्याच्याकडे बघत होते तो अधिकच जोरात टाळ्या वाजवत होता.

बायको हळूच म्हणाली, ‘‘आपणही मोजत होतो.’’ आणि तिने तोंडाला पदर लावला.

अखेर दादा हसत मोबाइलपाशी आला, आवाज सुरू केला आणि म्हणाला, ‘‘ऐकलंत ना? कसले गायले!’’

सकाळी अंघोळ घालताना अण्णा बाथरूममध्ये घसरले होते. ब्युरोचा माणूस नवीन, दोनच दिवसांपूर्वीचा. त्याने उचलून बसवलं, अंग पुसलं, उपरणं घातलं आणि नोकरी जाईल या भीतीने कोणाला सांगितलं नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. ते मोडलेलं हाड घेऊन अण्णा सकाळपासून सांगत होते. हॉलमध्ये यायच्या आधी घरीही सांगत होते, वहिनी नंतर म्हणाली. पाव्हण्यांनी ते ऐकून कौतुक केलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. दादा हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसला होता, कानात वायर घालून. साठीचा माणूस, मोबाइल मांडीवर, डोळे मिटून लेकीची गाणी ऐकत होता. मला बघून त्याने एक वायर काढली. ‘‘दुखण्याचं झालं,’’ म्हणाला. ‘‘आता पाण्याचं घेतोय.’’ मी त्याच्या शेजारी बसलो. त्याला बोलावं असं माझ्या मनात नव्हतं, आणि असतं तरी कोणत्या तोंडाने?

ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. छातीत कफ धरला. औषधांनी दुखणं कमी झालं होतं, आणि अण्णा गायचेही बंद झाले होते. आम्ही पाण्याचं म्हणायचो, चहाचं म्हणायचो. ते छताकडे बघायचे. परीक्षा संपल्यावर बायको लेकीला घेऊन आली. विमानतळावरून थेट तिकडेच.

लेक पलंगाशी उभी राहिली. तिने त्यांचा डावा हात धरला. खूप वेळाने अण्णांनी डोळे उघडले. तिच्यावर नजर थांबली. ओठ हलले.

‘‘सा…’’

खालच्या सुरात. दुसरा सूर जरा वर. आणि तिसऱ्याला ते खाली उतरलं.

इतका क्षीण आवाज होता, पण माझ्यासारख्या माणसालाही चुकण्यासारखं नव्हतं. ते मनखूलचं होतं. खोलीत ते गाणं लेकीला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. बायको खाली कागदपत्रं करत होती. ज्यांना पलंगावरून खुर्चीत हलवता येत नव्हतं, ते विमानाने घरी न्या म्हणत होते.

दादा लगबगीने पुढे आला. ‘‘काय म्हणतायत? पाण्याचं ना?’’

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी पलंगाची चादर सारखी करायला लागलो. मग ती काकाकडे वळली.

‘‘हो काका,’’ ती मराठीत म्हणाली. ‘‘पाणी मागतायत.’’

दादाने चमच्याने पाणी घातलं. थोडं आत गेलं, थोडं ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. रुमालाने ते टिपत तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बघ, आता येतंय मला ओळखता.’’

अण्णांनी परत सुरुवात केली. पहिला सूर, दुसरा, आणि तिसऱ्याला खाली. दादाने पुन्हा चमचा भरला.